जळगाव जिल्ह्याच्या दोन्ही खासदारांची खासदारकी एकाच दिवशी कशी गेली?

१२ डिसेंबर २००५, सोमवार. एरंडोलच्या एका कृषी केंद्रात काउंटरमागे छोटा टीव्ही असायचा. एरवी त्यावर क्रिकेट. त्या दिवशी मात्र ‘आज तक’ लावलेलं होतं आणि गव्हासाठी युरिया घ्यायला आलेली माणसं पोती तशीच टाकून पडद्याकडे बघत होती. छुप्या कॅमेऱ्यातून तिरकं तिरकं दिसणारं चित्र, आणि त्यात एकामागून एक खासदार संसदेत प्रश्न विचारण्याबद्दल पैसे घेताना. एकूण अकरा. त्यांतले दोघे आपले: जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. पाटील तर वाजपेयी सरकारात ग्रामविकास खात्याचे राज्यमंत्री राहिलेले. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी दुकानदाराला विचारलं, “प्रश्न इचाराना बी पैसा लेतस का भाऊ?”

कुणी उत्तर दिलं नाही. मी तेव्हा बातमीदारी करायचो, तरी मीही गप्प राहिलो, कारण मलाच नीट सांगता आलं नसतं. आजही या प्रकरणाचा विषय निघाला की लोकांना पाकिटं आठवतात, प्रश्न आठवत नाहीत. खासदाराच्या प्रश्नात असं काय असतं की कुणी त्यासाठी खिशात हात घालावा? बाबांचं उत्तर तिथूनच सुरू करावं लागेल.

लोकसभेच्या कामकाजात रोज एक तास प्रश्नोत्तरांचा असतो. प्रश्न मुख्यतः दोन जातींचे. तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारून त्याला आणखी खोदता येतं. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं आणि विषय तिथे संपतो. तारांकित प्रश्न दिवसाला फक्त २० येतात, अतारांकित २३०. सभागृहात सदस्य साडेपाचशेच्या आसपास. म्हणून प्रश्न किमान १५ दिवस आधी लेखी द्यायचा, मग सोडत निघते, आणि एका दिवसाच्या तारांकित यादीत एका सदस्याचा एकच प्रश्न लागतो. म्हणजे प्रश्न ही रेशनच्या साखरेसारखी मोजून मिळणारी वस्तू आहे. एकाला दिला की दुसऱ्याचा तेवढा कमी.

आता त्या प्रश्नाची ताकद बघा. रावेर, सावद्याचं उदाहरण घेऊ. तिथली केळी रेल्वेने दिल्लीकडे जाते. डबे वेळेवर लागले नाहीत तर कापलेला माल थांबत नाही, पिकतोच. समजा खासदाराने विचारलं, की गेल्या तीन वर्षांत सावदा आणि रावेर स्थानकांवर केळीसाठी किती डबे मागितले गेले आणि किती दिले गेले? एवढ्या दोन ओळींनी दिल्लीतल्या मंत्रालयात फाईल उघडते. तिथून विभागीय कार्यालयाला पत्र जातं, आकडे मागवले जातात, खालचा अधिकारी जागा होतो, आणि शेवटी मंत्र्याला ते आकडे सभागृहासमोर ठेवावे लागतात. तिथे जाणूनबुजून खोटं सांगितलं तर हक्कभंग. पुष्कळदा उत्तर यायच्या आधीच डबे लागायला लागतात.

हीच ताकद उलटीही वापरता येते. एखाद्या कंपनीला प्रतिस्पर्ध्याच्या परवान्याची चौकशी लावायची आहे, सरकारचं आयात धोरण कुठे वळणार याचा अंदाज आधी हवा आहे, एखाद्या अधिकाऱ्याला ‘आमच्यामागे दिल्लीत माणूस आहे’ असं न बोलता कळवायचं आहे, तर खासदाराच्या सहीचा एक प्रश्न पुरतो. प्रश्नावर खासदाराचं नाव असतं. मजकूर कुणी लिहून दिला ते कागदावर कुठेच उमटत नाही. माहितीचा अधिकार कायदा पूर्णपणे लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते, त्यामुळे सरकारच्या पोटातली माहिती काढायला प्रश्नासारखं दुसरं हत्यार नव्हतं.

इथे ‘लॉबिंग’ हा शब्द येतो, म्हणजे सरकारचं धोरण आपल्या बाजूने वळावं म्हणून केलेली खटपट, आणि तो शिवीसारखा वापरायची आपल्याला सवय आहे. थोडं थांबू. केळी उत्पादक खासदाराला भेटून डब्यांचा प्रश्न विचारा म्हणाले, जिनिंगवाले वीजदराचं गाऱ्हाणं घेऊन गेले, सराफ आयात शुल्काबद्दल निवेदन देऊन आले, हेही लॉबिंगच. यात गैर काही नाही. उलट खासदार असतो कशासाठी? प्रश्न आपला असो की व्यापाऱ्याचा, त्याचे शब्दही अगदी तेच असू शकतात. फरक पडतो तो पैसा मध्ये आला की.

बाजार समितीत उठबस असलेल्याला हे एका वाक्यात कळेल. ही खटपट पैसे घेऊन दुसऱ्यासाठी करणारा लॉबिस्ट म्हणजे अडत्या. अडत्याकडे परवाना असतो, तो कुणाचा माल लावतोय हे सगळ्यांना दिसतं, त्याची अडत किती हे ठरलेलं असतं आणि व्यवहाराची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, मिळते. अमेरिकेत लॉबिंगचा धंदा साधारण असा चालतो. लॉबिस्टने नाव नोंदवायचं, कुणाकडून किती पैसे घेतले आणि कोणत्या विषयासाठी, हे सरकारदरबारी जाहीर करायचं, आणि ते कुणालाही वाचता येतं. आपल्याकडे लॉबिंगसाठी असा कायदा नाही. त्यामुळे आपल्याकडे जे चालतं ती खेडा खरेदी: रात्री गाडी गावात येते, माल भरते, रोख देते, निघून जाते. मापात काय झालं ते मापणारा जाणे.

ही खेडा खरेदी कॅमेऱ्यावर पकडण्यासाठी ‘कोब्रापोस्ट’ या शोधपत्रकारितेच्या संकेतस्थळाचे अनिरुद्ध बहल आणि सुहासिनी राज यांनी एक संस्थाच कागदावर उभी केली. नाव ठेवलं नॉर्थ इंडियन स्मॉल मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. लघुउद्योजकांची म्हणे संघटना. तिचे प्रतिनिधी बनून ते दिल्लीत मध्यस्थांमार्फत आणि स्वीय सहायकांमार्फत खासदारांपर्यंत पोचले. सुमारे आठ महिने हे चाललं. साठाहून जास्त प्रश्न दिले गेले आणि त्यांतले पंचवीस संसदेच्या यादीत लागलेही. ‘ऑपरेशन दुर्योधन’ असं या सगळ्याला नाव होतं. महाभारतातला दुर्योधन पैसे घेऊन प्रश्न विचारत नव्हता, पण ते असो.

खासदारांना मिळालेली रक्कम १५ हजारांपासून १ लाख १० हजारांपर्यंत. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९८० रुपये होता. सर्वांत स्वस्त खासदार साडेसात क्विंटल कापसात पडला.

आणि कापसावरून आठवलं. या पत्रकारांनी मुद्दाम काही प्रश्न असे रचले होते की वाचणारा जरा जागा असता तर तिथेच थांबला असता. एका प्रश्नात रेल्वे जर्मनीहून ‘योसेरियन’ नावाचं इंजिन विकत घेतेय का, अशी विचारणा होती. दुसऱ्यात मोन्सँटो कंपनीच्या ‘सॅलिंजर’ कापसाच्या बियाण्याच्या चाचणीला सरकारने परवानगी दिली आहे का, आणि ‘कॅच-ट्वेंटीटू’ कापसाचा अहवाल तयार झाला का, असं विचारलेलं होतं. ही सगळी नावं अमेरिकेतल्या कथा-कादंबऱ्यांच्या दुनियेतली: कुणी लेखक, कुणी पात्र, कुठे पुस्तकाचं नाव. असं बियाणं जगात नाही.

कुठल्या खासदाराला कुठला प्रश्न दिला होता, या हिशोबात मला शिरायचं नाही. मला त्या कापसाच्या प्रश्नाचं दुःख वेगळं आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली होती आणि २००५ पर्यंत खान्देशातला शेतकरी पाकिटावरचं नाव, कंपनी, लॉट नंबर आणि शेजाऱ्याच्या वावरातला मागच्या सालचा अनुभव एवढं सगळं तोंडपाठ ठेवून दुकानात यायचा. बोगस बियाण्याने त्याचे हात पोळलेले होते. त्याला ‘सॅलिंजर’ म्हणाला असतात तर त्याने पहिला प्रश्न केला असता, “कोणत्या कंपनीचं, आणि लावलं कुणी?” संसदेत विचारायला त्याच्याकडे कापसाचे खरे प्रश्न ढीगभर होते. त्या रेशनच्या साखरेतला एक मोजका चमचा मात्र नसलेल्या कापसावर खर्ची पडायला निघाला होता.

पुढचं सगळं अकरा दिवसांत उरकलं. आपल्याकडे चौकशी समित्यांना मुदतवाढीची जी सवय असते ती बघता हे आश्चर्यच. लोकसभेचे सभापती सोमनाथ चॅटर्जी यांनी पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची समिती नेमली. अकरापैकी दहा लोकसभेचे होते, एक राज्यसभेचा. पक्षवार बघितलं तर सहा भाजपचे, तीन बसपचे, एक राजदचा, एक काँग्रेसचा. समितीने हकालपट्टीची शिफारस केली. भाजपचे विजयकुमार मल्होत्रा यांनी भिन्नमत नोंदवलं. २३ डिसेंबरला प्रणव मुखर्जींनी लोकसभेत ठराव मांडला, भाजपने सभात्याग केला, आणि आवाजी मतदानाने दहा जणांचं सदस्यत्व गेलं. राज्यसभेतल्या अकराव्याचंही त्याच दिवशी गेलं. ही शिक्षा म्हणजे देहदंड झाला, असं लालकृष्ण अडवाणींचं म्हणणं होतं. त्यांच्या मते यात भ्रष्टाचारापेक्षा मूर्खपणा जास्त होता. मूर्खपणाचं मला पटतं. पण मूर्खपणाचे पैसे मिळत असतील तर त्याला मूर्खपणा म्हणावं का, हा प्रश्न उरतो.

इतक्या वर्षांत असं आधी झालंच नव्हतं का? एकदा झालं होतं, आणि तेही अगदी सुरुवातीला. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी, हंगामी संसदेत मुंबईचे एच. जी. मुदगल नावाचे सदस्य होते. मुंबईच्या सोन्या-चांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचं काम करायचं, म्हणजे प्रश्न विचारायचे, दुरुस्त्या सुचवायच्या, आणि त्याचा मोबदला घ्यायचा, असा त्यांच्यावर ठपका आला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने चौकशी केली. आपल्याच पक्षाच्या सदस्याला काढायचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. मुदगलांनी आधीच राजीनामा दिला, तेव्हा सभागृहाने ‘हे हकालपट्टीलाच पात्र होते’ अशी नोंद केली. म्हणजे २००५ चं पाकीट नवं असलं तरी चाल जुनी, आणि मुदगलांच्या वेळी तर ती संघटना तरी खरी होती.

काढलेले खासदार सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं की सदस्यत्व कशाने जातं ते घटनेत लिहिलेलं आहे, त्यात ‘सभागृहाने हाकलणे’ कुठे आहे? राजा राम पाल खटला म्हणून तो ओळखला जातो. १० जानेवारी २००७ ला सरन्यायाधीश सभरवाल यांच्या पाच जणांच्या पीठाने चार विरुद्ध एक मताने निकाल दिला: संसदेला आपल्या सदस्याला काढायचा अधिकार आहे, मात्र तो घटनेला सोडून वापरला तर न्यायालय त्यात बघू शकतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. तेव्हा जळगाव जिल्ह्यात लोकसभेच्या जागा दोनच होत्या, जळगाव आणि एरंडोल. दोन्ही एका शुक्रवारी दुपारी रिकाम्या झाल्या. पोटनिवडणुका व्हायला २००७ उजाडलं. जळगावला भाजपचेच हरिभाऊ जावळे निवडून आले, एरंडोलला मात्र राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे. मधल्या वर्षभराहून अधिक काळ एवढ्या मोठ्या जिल्ह्याचा लोकसभेत एकही माणूस नव्हता. केळीच्या डब्यांचा प्रश्न विचारायचा तर कुणी विचारायचा? शिक्षा खासदारांना झाली असं आपण म्हणतो. पण रिकामी खुर्ची त्यांची नव्हती, ती आमची होती. देशातल्या बातम्यांत ही गोष्ट मला तरी कुठे दिसली नाही. अकरा नावांच्या यादीत दोन नावं शेजारशेजारच्या मतदारसंघांतली आहेत, हे दिल्लीत कुणाच्या ध्यानात यायचं कारणही नव्हतं.

फौजदारी खटल्याची चाल मात्र नेहमीची. हकालपट्टीला अकरा दिवस पुरले. दिल्लीच्या न्यायालयात आरोपनिश्चितीची पायरी यायला २०१७ साल लागलं. सभागृहाने काढणं आणि न्यायालयाने दोषी ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे विसरू नये. मध्येच पोलिसांनी ‘लाच दिली’ म्हणून पत्रकारांनाही आरोपी करून टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती कारवाई रद्द केली.

कायद्यातली एक गाठ तर याहून विचित्र होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय हे प्रकरण पुरतं कळत नाही. घटनेचं कलम १०५ खासदाराला संरक्षण देतं: सभागृहात जे बोललात, जे मत दिलंत, त्यासाठी न्यायालयात खेचलं जाणार नाही. हेतू चांगला. सरकारच्या विरोधात बोलणाऱ्याला सरकारने खटल्यांत अडकवू नये. पण १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारवर अविश्वास ठराव आला, तो २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला, आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी सरकार वाचवायला पैसे घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की ज्यांनी पैसे घेऊन मत दिलं त्यांना कलम १०५ चं संरक्षण आहे. पैसे घेऊन मत दिलंच नाही, त्याला नाही. म्हणजे लाच घेऊन शब्द पाळला तर सुटका, शब्द मोडला तर खटला! हा निकाल सव्वीस वर्षं टिकला. ४ मार्च २०२४ ला सीता सोरेन खटल्यात सात न्यायाधीशांनी एकमताने तो पुसला: लाच घेणं हा सभागृहाच्या कामकाजाचा भाग नाही, गुन्हा पैसे घेतानाच पुरा होतो, पुढे मत दिलं की नाही, प्रश्न विचारला की नाही, याने फरक पडत नाही.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये एका वर्तमानपत्राने छापलं की लंडनच्या हॅरॉड्स या बड्या दुकानाचे मालक मोहम्मद अल फायेद यांच्यासाठी एका लॉबिस्टमार्फत खासदारांना एका प्रश्नामागे दोन हजार पौंड मिळत होते. टिम स्मिथ आणि नील हॅमिल्टन या दोघांची मंत्रिपदं गेली आणि पंतप्रधान जॉन मेजर यांना सार्वजनिक जीवनातल्या वर्तनाचे नियम घालायला समिती नेमावी लागली. आपल्याकडची हकालपट्टी होऊन अकराच दिवस झाले असताना, ३ जानेवारी २००६ ला, अमेरिकेत जॅक अब्रामॉफ या बड्या लॉबिस्टने गुन्हे कबूल केले. तो नोंदणीकृत अडत्या होता, पट्टीवाला. तरीही कॅसिनो चालवणाऱ्या मूळनिवासी जमातींकडून त्याने आणि त्याच्या साथीदाराने सुमारे साडेआठ कोटी डॉलर उकळले आणि राजकारण्यांना सहली, जेवणावळी घातल्या. बॉब ने नावाचे खासदार तुरुंगात गेले आणि २००७ मध्ये लॉबिंगचे नियम आणखी कडक करणारा कायदा झाला. तेव्हा पट्टी असली म्हणजे चोरी होत नाही, असं नाही. पण चोर शोधायला कागद मिळतो.

त्या कागदाचा आपल्याला एकदा फुकट फायदाही झाला. २०१२ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे खर्च जाहीर केला: २००८ पासून लॉबिंगवर सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि त्या विषयांच्या यादीत भारतीय बाजारपेठेत प्रवेश हाही एक. आपल्या संसदेत गदारोळ झाला, सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची समिती नेमली. (आडनाव तेच, १९५१ च्या मुदगलांशी गल्लत करू नका.) किराणा दुकानदारांच्या पोटावर येणाऱ्या धोरणासाठी खर्च झाल्याचं आपल्याला कळलं ते अमेरिकेच्या दप्तरातून. आपल्या दप्तरात तसं पानच नाही. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते. पण ती खासदाराने स्वतःबद्दल भरायची. त्याला भेटायला कोण आलं, कुणासाठी आलं, ते त्यात नसतं.

डिसेंबर २०२३ मध्ये तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोईत्रा यांची हकालपट्टी झाली तेव्हा पाकिटाच्या जागी पासवर्ड आला होता. प्रश्न आता ऑनलाइन भरतात. आपलं लॉगिन उद्योजक दर्शन हिरानंदानी यांना दिल्याचं त्यांनी मान्य केलं, पैसे घेतल्याचा आरोप नाकारला. आचार समितीच्या अहवालावर सदस्यत्व गेलं, आणि सहा महिन्यांत कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना परत निवडून पाठवलं. यात कोण बरोबर यावर वाद घालायला माणसं पुष्कळ आहेत. मला दिसतं ते एवढंच, की १९५१, २००५, २०२३, तिन्ही वेळा शिक्षा सदस्याला झाली आणि प्रश्न लिहून देणाऱ्यांची नोंद ठेवणारी वही काही सुरू झाली नाही.

एरंडोल नावाचा लोकसभा मतदारसंघ आता नाही. पुनर्रचनेत तो गेला, २००९ पासून जिल्ह्यात जळगाव आणि रावेर. कृषी केंद्र मात्र अजून आहे.

२००६ च्या जूनमध्ये, खरिपाच्या तोंडावर, मी त्याच काउंटरसमोर उभा होतो. बीटीच्या पाकिटांसाठी ही गर्दी. एक जण हवं ते वाण संपलं म्हणून तावातावाने भांडत होता. दुकानदार फळीवर चढलेला होता. तिथूनच खाली वाकून म्हणाला, “दादा, ते संपलं. सॅलिंजर आलंय, देऊ का दोन पाकिटं?” गर्दीतून मागून कुणीतरी ओरडलं, “पावती देशील तर दे!”